दारू सोडलीय, पण मीटिंग कुठली धरावी?

दुसरी_पाळी
नमस्कार मंडळी. वय ४३, चिंचवडला राहतो, भोसरीत सीएनसी मशीनवर आहे. दारू सोडून आज २३ दिवस झाले. पहिले चार दिवस कुणाला न विचारता घरीच काढले. हात असे थरथरायचे की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. नंतर डॉक्टरकडे गेलो. त्यांनी गोळ्या दिल्या आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए. या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जायला सांगितलं.

तीन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी दारातच आमच्या सोसायटीतले एक काका दिसले, मी चप्पल न काढताच मागे फिरलो. दुसरीकडे सगळं इंग्रजीत. समजत होतं, पण आपली लाज इंग्रजीत सांगता येईना. तिसरीकडे मराठी होतं, पण एकच गृहस्थ पाऊण तास बोलत होते. त्यात माझी पाळी आठवड्याला बदलते. सेकंडला साडेतीन ते रात्री बारा, आणि मीटिंगा बहुतेक संध्याकाळीच.

बायको म्हणते, मेथीची जुडी निवडताय का, एक धरा की. सांगा, कशी धरू?

बिनसाखरेचा
आधी सोसायटीवाल्या काकांचं. अरे, ते तिथे सत्यनारायणाच्या प्रसादाला आले होते का? तुझं गुपित त्यांच्याकडे, त्यांचं तुझ्याकडे. फिटंफाट.

मला ११ वर्षं झाली. माझा पहिला ग्रुप महापालिकेच्या शाळेत भरायचा, तिसरीच्या वर्गात. बाक एवढे बुटके की गुडघे छातीला लागायचे. फळ्यावर सतराचा पाढा अर्धवट लिहिलेला. लोक आपापली कहाणी सांगायचे आणि मी मनात तो पाढा पुरा करत बसायचो, ऐकायचंच नव्हतं ना. तिसऱ्या खेपेला एकाने सांगितलं, मुलीच्या सहलीचे पैसे डब्यातून काढून क्वार्टर आणली, आणि सकाळी तिच्याबरोबर आपणही ते पैसे शोधत बसलो. माझा पाढा तिथेच थांबला. मीही हेच केलं होतं, फक्त पैसे गॅस सिलिंडरचे होते.

म्हणून सांगतो, एकदा जाऊन ग्रुपला नापास करू नकोस. पाच-सहा वेळा जा. लांबण लावणारा प्रत्येक ग्रुपात एखादा असतोच. भाषा मात्र सोडू नकोस, शिवी ज्या भाषेत देतोस त्याच भाषेत बोलता आलं पाहिजे. आणि वेळ बघ. तलफ कधी येते? फर्स्ट शिफ्ट सुटली की टपरीकडे पाय वळत असतील तर त्या आठवड्यात संध्याकाळची मीटिंग, घरी न जाता थेट. सेकंडच्या आठवड्यात सकाळची ऑनलाइन किंवा रविवारची. दोन ग्रुप धरले तर कुणी हरकत घेत नाही.

खुल्या मीटिंगला घरचेही येऊ शकतात. बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. तुला आत्ता बंदच बरी. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, नवीन माणसाने काही टाकलं नाही तरी चालतं. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असंही नाही.

तर्कट
मी देव मानत नाही. दारू सोडण्यासाठी ए.ए.ने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमध्ये परमेश्वर आला की माझं डोकं फिरायचं. एका जुन्या मेंबरने विचारलं, "बाटलीपुढे रोज हात जोडत होतास तेव्हा नाही फिरलं?" अजूनही प्रार्थनेला गप्प उभा राहतो, कुणी काही म्हणत नाही.

एक गंभीर गोष्ट. ते घरी काढलेले चार दिवस नशिबाने निभावले. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर आकडी येऊ शकते, भास होतात, जिवावर बेतू शकतं. हे वाचून कुणी तसं करणार असेल तर आधी डॉक्टर. सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६.

घरची
आमचे हे पुण्यात मुक्तांगणला होते. अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र. तिथे पेशंटच्या बायकांचाही गट असतो हे मला तेव्हाच कळलं. तोवर मी फ्लशच्या टाकीत हात घालून बाटल्या शोधायची. वहिनींना सांगा, घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा असतात. तुम्ही प्याल की नाही हे त्यांच्या हातात नाही, हे ऐकायला मला दोन महिने लागले. खूप रडले त्या दिवशी, पण रात्री झोप लागली.

दुसरी_पाळी
सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी त्या पहिल्याच ठिकाणी गेलो. काका होतेच. काही न बोलता त्यांनी शेजारची खुर्ची सरकवली. माझी पाळी आली तेव्हा नाव सांगितलं, मी दारुडा आहे म्हटलं आणि घशाला कोरड पडली, पुढे काही सुचेना. कुणी घाईही केली नाही. नंतर कप विसळायचं काम माझ्याकडे आलं. हात आता थरथरत नाहीत, तरी एक फोडलाच.

परतताना काकांनी स्कूटरवरून सोडलं. गेटजवळ म्हणाले, "लिफ्टमध्ये भेटलो की पाण्याच्या टँकरबद्दलच बोलायचं." काल भेटले. टँकर दोन दिवस आलेला नाही, त्यामुळे विषय खराच होता.