मदत हवी आहे: जॉन म्यूर ट्रेल सुरू करायच्या आधी टुआलमीला कॅम्पग्राउंड मिळत नाहीये

पायवाट:
मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. जॉन म्यूर ट्रेल (कॅलिफोर्नियातली डोंगरातली लांब पायवाट) सुरू करायच्या आधी योसेमिटी नॅशनल पार्कमधल्या टुआलमी मेडोजच्या कॅम्पग्राउंडवर दोन रात्री काढायच्या आहेत आणि तिथे सगळं फुल दाखवतंय. कोणी कॅन्सल केलं की जागा दिसते, पण पैसे भरायच्या पानापर्यंत पोचेपर्यंत ती गेलेली असते. दोन रात्री हव्यातच कारण उंचीची सवय व्हायला हवी. आयत्या वेळी गेलं तर जागा मिळते का? नाहीतर एक रात्र गाडीत झोपलं तर चालतं का? अलीकडे कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज लवकर सांगा.

डोंगरवेडा:
तारीख कोणती? परमिट हातात आहे का, असेल तर कुठल्या ट्रेलहेडचं, म्हणजे कुठून चालायला सुरुवात करणार? किती जण आहात? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार. तोपर्यंत गाडीत झोपायचं मात्र डोक्यातून काढून टाका. योसेमिटीत कॅम्पसाइट सोडून इतरत्र गाडीत रात्र काढायला बंदी आहे, रेंजर येऊन उठवतात. आणि अंधार पडल्यावर गाडीत खाण्याचं काहीही ठेवायचं नाही, तिथली अस्वलं वासावर येतात आणि गाडीचं दार अक्षरशः वाकवून उघडतात.

अनवट:
टुआलमीहून कशाला सुरू करताय? खरी जेएमटी (जॉन म्यूर ट्रेल) योसेमिटी व्हॅलीतल्या हॅपी आयल्सपासून सुरू होते, तिथून माउंट व्हिटनीच्या माथ्यापर्यंत २११ मैल. टुआलमीहून निघालात तर पहिले वीस-बावीस मैल गेले, म्हणजे नेव्हाडा फॉल गेला, कॅथीड्रल लेक्स गेले. शिवाय हॅपी आयल्स ४,०३५ फुटांवर आहे, त्यामुळे उंची हळूहळू वाढते आणि सवयीचा प्रश्नच येत नाही. माझं ऐका, व्हॅलीतून सुरू करा.

पायवाट:
@डोंगरवेडा, परमिट आहे, लॉटरीत मिळालं, लायल कॅनियनचं. जुलैचा शेवटचा आठवडा. दोघं आहोत. @अनवट, परमिट लायल कॅनियनचं असल्यामुळे तिथूनच निघणार आहोत, ते आता बदलणार नाही. माझा प्रश्न कॅम्पग्राउंडचा आहे.

निशिगंध:
अहो, परमिट आहे तर बुकिंगच्या मागे का लागलाय? वाइल्डरनेस परमिट (रानात मुक्काम करायचं, तुमच्याकडे आहे तेच) असलं की ट्रेक सुरू व्हायच्या आदली एक रात्र बॅकपॅकर्स कॅम्पग्राउंडला राहता येतं, त्याला वेगळं बुकिंग लागत नाही. टुआलमीला ते मोठ्या कॅम्पग्राउंडच्या आवारातच आहे. छोटी फी असते माणशी. गाडी आत नेता येत नाही, ती ट्रेलहेडच्या पार्किंगला लावायची आणि सामान पाठीवर घेऊन चालत जायचं. जागेवर नंबर वगैरे नसतात, मोकळी जागा बघून तंबू लावायचा. खाण्याचं सगळं तिथल्या लोखंडी लॉकरमध्ये, आणि खाण्याचं म्हणजे टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांचं मलम, सुगंधी वाइप्स हेसुद्धा. लॉकर सगळ्यांत मिळून असतात, म्हणून आपल्या पिशवीवर नाव आणि निघायची तारीख लिहा.

टेकडी:
पण टुआलमीचं कॅम्पग्राउंड बंद आहे ना? आम्ही गेलो तेव्हा नुसती जाळी लावलेली होती, मागे मशिनं चालू होती.

निशिगंध:
२०२२ पासून दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२५ च्या उन्हाळ्यात उघडलं. तुमची माहिती त्या मधल्या काळातली असणार.

टेकडी:
अच्छा. बरं झालं सांगितलंत, आम्ही त्या नादात तिकडे फिरकलोच नाही परत.

पायवाट:
@निशिगंध, हे माहीतच नव्हतं, खूप खूप धन्यवाद! म्हणजे एक रात्र सुटली. पण दुसरीचं काय? भाऊ येतोय, त्याचं विमान दोन दिवस आधी दुपारी सॅन फ्रान्सिस्कोला उतरतं, तिथून मी त्याला घेऊन थेट वर जाणार होते. सुरू करायच्या आदल्या दिवसाची सोय झाली, त्याच्या आदल्या रात्री कुठे राहायचं?

डोंगरवेडा:
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. भाऊ कुठून येतोय? भारतातून?

पायवाट:
हो, भारतातून. तब्येतीने ठणठणीत आहे, सह्याद्रीत कायम फिरत असतो.

डोंगरवेडा:
मग त्याच रात्री त्याला टुआलमीला झोपवू नका. इतक्या लांबचा विमानप्रवास, अंगात पाणी कमी, झोपेचं चक्र उलटं, आणि त्याच संध्याकाळी समुद्रसपाटीवरून उचलून ८,६०० फुटांवर. ठणठणीत असण्याचा आणि उंची लागण्याचा काही संबंध नाही, चांगले पळणारे लोकही आडवे होतात. कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे सह्याद्रीतल्या सरावाने पाय तयार होतात पण या उंचीची सवय होत नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं यातलं काही सुरू झालं तर वर चढायचं थांबवायचं, आणि वाढत गेलं तर खाली उतरायचं. दुसरा इलाज शोधत बसू नका.

काजवा:
पहिली रात्र टायोगा पास (खिंड) ओलांडून पूर्वेला काढा. ली व्हायनिंग क्रीकच्या काठाने फॉरेस्ट सर्व्हिसची कॅम्पग्राउंड्स आहेत, आधी येईल त्याला जागा, बुकिंगची कटकट नाही. उंची सात-साडेसात हजार फूट, म्हणजे टुआलमीपेक्षा खालीच. सकाळी अर्ध्या-पाऊण तासात परत टुआलमीला. आम्ही दरवेळी हेच करतो. वर इलरी लेक आणि टायोगा लेकलाही कॅम्पग्राउंड आहेत पण ती साडेनऊ हजारांच्या आसपास, तिथे पहिली रात्र नको.

अनवट:
@काजवा, जुलैच्या शेवटी रात्री दहा वाजता पोचून आधी येईल त्याला जागा? सगळं भरलेलं असणार. दुपारी विमान उतरलं की इमिग्रेशन, सामान, मग शहरातलं ट्रॅफिक, मग पाच तास गाडी. त्यात ९,९४३ फुटांचा टायोगा पास अंधारात ओलांडायचा, रस्त्यावर हरणं येतात. आणि जागा नाही मिळाली तर कुठे जाणार? मी परत सांगतो, व्हॅलीत राहा पहिल्या रात्री.

काजवा:
व्हॅलीत तरी कुठे मिळणार आहे जागा? व्हॅलीतली कॅम्पग्राउंड्स महिनोन् महिने आधी जातात. आणि तिथल्या बॅकपॅकर्स कॅम्पला परमिटवर एकच रात्र, ती यांना टुआलमीला वापरायची आहे. आम्हाला बुधवार-गुरुवारी कायम जागा मिळालेली आहे क्रीकवर.

अनवट:
तुम्ही दुपारी पोचत असाल. तेच तर म्हणतोय मी.

निशिगंध:
दोघंही जरा थांबा. पहिल्या रात्री कॅम्प करायलाच हवा असं कुठे आहे? पश्चिमेकडून १२० नंबरच्या रस्त्याने येताना ग्रोव्हलंड लागतं, साधारण तीन हजार फुटांवर. तिथे किंवा त्याच्याही अलीकडे ओकडेलला एखादं साधं मोटेल घ्या. भावाला पलंगावर झोपू दे, आंघोळ करू दे. सकाळी निघालात की दुपारच्या आत टुआलमी. क्रेन फ्लॅटला पेट्रोल भरून घ्या, पुढे टुआलमीला पंप नाही. पोचल्या पोचल्या वाइल्डरनेस सेंटरवर जाऊन परमिट हातात घ्या. ते आदल्या दिवशी मिळतं. निघायच्या दिवशी घ्यायचं ठरवलं तर सकाळी १० च्या आत न्यावं लागतं, नाहीतर रद्द करून दुसऱ्याला देतात. ते एकदा खिशात आलं की दुपारी डॉग लेक किंवा लेम्बर्ट डोमला हळूहळू जाऊन या. डोमचा माथा साडेनऊ हजारांच्या जवळ आहे, तिथे तासभर बसा, पाणी प्या, आणि झोपायला ८,६०० वर परत. दिवसा थोडं वर जाऊन रात्री खाली झोपलेलं शरीराला मानवतं.

डोंगरवेडा:
निशिगंध यांना अनुमोदन. आणि दुसरी रात्र कॅम्पग्राउंडवरच काढायचा हट्ट सोडा, ती लायल कॅनियनमध्ये काढा. सुरुवातीचे आठेक मैल ती दरी जवळपास सपाट आहे, बाजूने नदी, उंची अगदी सावकाश वाढते. टुआलमीपासून पहिल्या चार मैलांत तंबू लावायला बंदी आहे, म्हणून पहिल्या दिवशी पाच-सहा मैल जाऊन थांबा. दुसऱ्या दिवशी दरीच्या टोकाशी, चढ सुरू होतो त्याच्या थोडं वर. तिसऱ्या दिवशी सकाळी डोनह्यू पास, ११,०६० फूट. लोक दुसऱ्याच दिवशी पास गाठायला जातात आणि डोकं धरून बसतात. तुमची सवय ट्रेलवरच होईल, त्यासाठी वेबसाइटशी झगडायची गरज नाही.

पायवाट:
हे पटतंय. पण मग एक दिवस वाढला ना? खाणं कॅनिस्टरमध्ये (अस्वलाला न उघडणारा डबा) मावायला हवं. बीव्ही ५०० मॉडेलचा घेतलाय एकेक.

काजवा:
पहिल्या टप्प्यात काळजीच नको. टुआलमी ते रेड्स मेडो (वाटेवरचा पहिला खाणं भरून घ्यायचा थांबा) साधारण ३५ मैल, एक दिवस जास्तीचा घेतला तरी कॅनिस्टर अर्धा रिकामा राहील. खरी अडचण शेवटी आहे. म्यूर ट्रेल रँचहून (तिथे आधी पाठवलेलं खाणं घेता येतं) पुढे व्हिटनी पोर्टलपर्यंत, म्हणजे व्हिटनीच्या पायथ्याच्या रस्त्यापर्यंत, शंभराहून जास्त मैल आणि वाटेवर एकही दुकान नाही. तिथे बीव्ही ५०० मध्ये एका माणसाचं आठवडाभराचं खाणं कसंबसं बसतं. एकतर जोरात चाला, नाहीतर किअरसार्ज पासवरून ऑनियन व्हॅलीला उतरून खाणं घेऊन परत या. रँचला खाण्याची बादली पाठवली आहे का? ती बरीच आधी पोचावी लागते, त्यांची मुदत बघा आजच्या आज.

टेकडी:
खाण्यावरून आठवलं, चिवडा-भडंग अजिबात नेऊ नका, जागा खातं आणि पोट भरत नाही. जाडे पोहे भाजून मीठ-मसाला-दाण्याचं कूट घालून कोरडे न्या, गरम पाणी ओतून झाकण ठेवलं की झालं. शेंगदाणे, तूप, गूळ यांना जागा कमी आणि ताकद जास्त. कॅनिस्टरमध्ये हाताने दाबून दाबून भरायचं, हवा राहता कामा नये.

अनवट:
बीव्ही ५०० चं झाकण थंडीत फार घट्ट होतं, हे कोणी सांगत नाही. सकाळी बोटं गारठलेली असतात आणि ती खाच ओलांडून झाकण फिरत नाही. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड जवळ ठेवा, खाचेवरच्या उंचवट्याशी आत सरकवून दाबलं की झाकण सुटतं. आणि रात्री तो डबा तंबूपासून लांब, पण नदीच्या किंवा उताराच्या कडेला नको. अस्वलाने ढकलला तर गडगडत जाईल आणि तुम्ही उपाशी राहाल.

पायवाट:
@काजवा, बादली पाठवली आहे, पोचल्याची मेलही आली. @अनवट, कार्डाचं लिहून ठेवलं. आता गाडीचं सांगा. टुआलमीला इतके दिवस ठेवली तर चालेल ना? व्हिटनीहून परत यायचं कसं याचा अजून नीट विचार झालेला नाही.

डोंगरवेडा:
ठेवता येते, पण खाण्याचा कणही नको आत, डिकीतही नको, बेबी सीटखालचे चुरेसुद्धा काढा. परत येताना व्हिटनी पोर्टलहून लोन पाइन १३ मैल, तिथे बस नाही, लिफ्ट मागावी लागते किंवा पैसे देऊन गाडी. लोन पाइनहून ईस्टर्न सिएरा ट्रान्झिटची बस मॅमथकडे येते आणि मॅमथ-ली व्हायनिंगहून उन्हाळ्यात यार्ट्स या योसेमिटीच्या बससेवेची बस टुआलमीला. मात्र या रोज आणि हवं तेव्हा नसतात. कोणत्या वारी उतरणार त्यावर लोन पाइनला एखादी रात्र काढावी लागेल, भावाचं परतीचं विमान त्या हिशोबाने असू दे. त्याचं तिकीट कधीचं आहे?

काजवा:
उलट करा ना, गाडी लोन पाइनला ठेवा आणि बसने सुरुवातीला या. शेवटी दमलेले असता तेव्हा गाडी समोर पाहिजे.

निशिगंध:
@काजवा, विमानतळावरून लोन पाइन, मग दोन बस बदलून टुआलमी, हे दोन दिवसांत आणि जेटलॅग असलेल्या माणसाला घेऊन? परमिटची तारीख हुकेल. एरवी तुमचं बरोबर आहे, या वेळी नाही.

पायवाट:
परतीचं तिकीट भरपूर पुढचं आहे, ती चिंता नाही. तर असं ठरवतेय: पहिली रात्र ग्रोव्हलंड, दुसऱ्या दिवशी परमिट आणि लेम्बर्ट डोम, रात्री बॅकपॅकर्स कॅम्प, मग दोन रात्री लायल कॅनियनमध्ये आणि तिसऱ्या दिवशी डोनह्यू. गाडी टुआलमीलाच. आत्ताच मोटेल बुक केलं. भावाला डायमॉक्स (उंची लागू नये म्हणून घेतात ते औषध) सुरू करू का आधीपासून?

डोंगरवेडा:
ते त्याच्या डॉक्टरांना विचारू दे निघायच्या आधी, विशेषतः सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. इथे विचारून घेऊ नका. आणि डासांसाठी डोक्यावरची जाळी घ्या, जुलैमध्ये लायल कॅनियनमध्ये संध्याकाळी बसवत नाही.

रानभूल:
पूर्ण धागा वाचला नाही पण एक सांगतो, हाफ डोम या योसेमिटीतल्या कड्यावर चढायच्या केबलचं परमिट वेगळं असतं, ते काढलंत का? त्याची पण लॉटरी असते.

पायवाट:
हाफ डोम आमच्या वाटेवर नाही, आम्ही टुआलमीहून निघतोय. पण @टेकडी, त्या पोह्यांना पाणी किती घालायचं आणि किती वेळ झाकायचं?

टेकडी:
पोहे बुडून वर बोटभर पाणी. उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून घरी लागतो त्यापेक्षा जास्त वेळ झाका, भांडं टोपीत किंवा जाकिटात गुंडाळून ठेवा. एकदा घरी करून बघा निघायच्या आधी.