रेल्वेतलं ट्रेनीचं वर्ष: पुणेकरांनो, अनुभव लिहा

नोकरी लागल्याचे पेढे दिले तेव्हा मावशीचा पहिला प्रश्न, "मग आता पास मिळणार का रे?" मी रेल्वेत नाही, रेल्वेसाठी सिग्नलिंग करणाऱ्या खासगी कंपनीत आहे, हे आईलाही अजून पुरतं पटलेलं नाही. गावाकडून वेटिंग लिस्टची तिकिटं 'जरा बघ' म्हणून येतच असतात.

आपल्या पुण्यात असे बरेच जण आहेत. बाणेर-हिंजवडीच्या डिझाइन ऑफिसांतले जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी), चाकणकडच्या कारखान्यांतले अप्रेंटिस, मेट्रोवरचे, आणि परीक्षा देऊन खरोखरच रेल्वेत गेलेले. पहिल्या वर्षी नेमकं काय करायला लावतात, हे प्लेसमेंटच्या वेळी कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

माझं आधी लिहितो. सुरुवातीचे महिने कंट्रोल टेबल, म्हणजे कुठला सिग्नल कधी द्यायचा याचा तक्ता, तपासण्यात गेले. स्टेशनातल्या प्रत्येक मार्गाला एक ओळ: सिग्नल कुठला, पॉइंट (रूळ बदलायचे सांधे) कुठल्या बाजूला लागून लॉक हवेत, कुठली ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते ओळखणारी) मोकळी हवीत, त्याच वेळी कुठले मार्ग देता येणार नाहीत. गाडी लाल सिग्नल ओलांडून थोडी पुढे गेली तरी धडक होऊ नये म्हणून पुढचा 120 मीटरचा ओव्हरलॅपही मोकळा लागतो. मोठ्या यार्डात अशा शेकडो ओळी. बरोबर असेल तिथे पिवळा हायलायटर, चुकलं असेल तिथे लाल पेन. ज्याने काढलं त्याने तपासायचं नाही, आणि ट्रेनीची सही कुठेच चालत नाही. सीनियरांच्या सह्या होऊन कागद रेल्वेकडे जातो, शेरे घेऊन परत येतो, पुन्हा जातो. आयटीतले मित्र दर पंधरवड्याला काहीतरी लाइव्ह करतात. मी तपासलेलं यार्ड सुरू झालं तोवर माझं ट्रेनीपण केव्हाच संपलं होतं.

मिरज_लाइन

जेई (ज्युनिअर इंजिनिअर), पी-वे, म्हणजे रुळांची देखभाल. देशभरच्या रेल्वेच्या सिव्हिल अधिकाऱ्यांना शिकवणारी इरिसेन आपल्या कोरेगाव पार्कात आहे. मी मात्र शिकलो कीमॅनच्या, म्हणजे रोज रूळ तपासत चालणाऱ्या कामगाराच्या, मागून चालत. हातात हातोडा नि पाना, पिशवीत झेंडे आणि फटाके (रुळावर लावायचे, गाडी वरून गेली की वाजून ड्रायव्हरला धोका कळवणारे). सैल चावी (रूळ स्लीपरला आवळून धरणारी) तो हातोड्याच्या आवाजावरून ओळखतो. पहिल्या आठवड्यात मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. तो हसायचा नाही, फक्त पुन्हा ठोकायचा.

उन्हाळ्याचं सांगतो, कारण पुस्तकातलं तिथेच कळलं. किलोमीटरभर रूळ मोकळा सोडला आणि तापमान 30 अंशांनी वाढलं, तर तो साधारण 35 सेंटीमीटर लांबेल. वेल्ड केलेल्या लांब रुळाला तेवढं लांबायला जागाच नसते. ताण आतच साठतो आणि त्याला धरून ठेवतात ते स्लीपर आणि खडी. म्हणून रूळ तापलेला असताना खडी उपसायची नाही. एप्रिलमध्ये शिंदवणे घाटात रुळावर थर्मामीटर ठेवून उभं राहिलं की हा नियम कोणी समजावून सांगावा लागत नाही.

अचानक काम निघालं की आधी बंदोबस्त: 600 मीटरवर बॅनर झेंडा, 1200 मीटरवर तीन फटाके, दहा-दहा मीटर अंतराने. फटाके लावायला माणूस चालत जातो, मग काम. आणि ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या बंद ठेवून मिळणारा वेळ! एखादी गाडी लेट झाली की मिळालेला ब्लॉक आक्रसतो. गँग सावलीत बसलेली, तुम्ही फोनवर, चहा संपलेला.

रात्रपाळी

मी इलेक्ट्रिकल, मेट्रोच्या कामावर. आमचं काम शेवटची गाडी डेपोत गेल्यावर सुरू होतं. डोक्यावर 25 हजार व्होल्टची तार. आधी वीज बंद केल्याचं लेखी परमिट, मग तार खरंच मृत आहे का ते बघायचं, मग दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉडने अर्थिंग (तार जमिनीशी जोडणं), आणि मगच शिडी. निघताना हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला की सगळे टॉर्च घेऊन शोधायला, पहाटेची पहिली गाडी तोंडावर असली तरी. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गावर डोक्यावर तार नाही, रुळाशेजारून 750 व्होल्टचा तिसरा रूळ जातो. तिथे 'खाली रुळांवर उतरायचं नाही' हाच पहिला धडा.

कामाबद्दल तक्रार नाही. पण एका ठेकेदाराच्या साइटवर बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. इंडक्शनला हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं दिलं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही तिघींनी लेखी दिलं. सेफ्टीच्या साप्ताहिक मीटिंगमध्ये सही-शिक्क्यासह मुद्दा घातला, तेव्हा हललं. मुलींनो, तोंडी सांगू नका, मिनिट्समध्ये आणा.

चाकणचा

ग्रॅज्युएट अप्रेंटिस होतो. तेव्हा पदवीधराला किमान स्टायपेंड महिना 9000. भोसरीत तिघांत एक खोली, मेसचा डबा, कंपनीची बस. गणित कसं जुळतं ते विचारू नका. बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याच्या, फ्रेमचं वेल्डिंग बघायचो. वेल्डवर चुंबकीय चाचणी केली की डोळ्यांना न दिसणारी भेग पावडरच्या रेषेत उठून दिसते, ते पाहायला मला शेवटपर्यंत आवडलं. बाकी वेळ फायली. रेल्वेचा माल राइट्सच्या (रेल्वेसाठी माल तपासणारी सरकारी कंपनी) इन्स्पेक्टरचा शिक्का पडेपर्यंत हलत नसे, त्यामुळे ते येणार म्हटलं की आदल्या रात्री सगळी टेस्ट सर्टिफिकेट लावणं ट्रेनीकडे.

वर्ष संपलं, हातात प्रमाणपत्र, 'कळवतो' म्हणाले. कायद्यानेही अप्रेंटिसला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. हे पहिल्याच दिवशी माहीत असतं तर सहाव्या महिन्यापासूनच अर्ज सुरू केले असते.

घोरपडी_निवृत्त

मुलांनो, वाचतोय. आम्ही डिझेल शेडचे ट्रेनी, डब्ल्यूडीएम-2 या डिझेल इंजिनाचा काळ. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती, आणि संध्याकाळी आईने घराच्या दारातच उतरवायला लावलेले कपडे. मला सगळ्यात नवल वाटलं ते लॅबचं. इंजिनातलं तेल काढून तपासायचे. त्यात तांबं नि शिसं वाढलं की समजायचं, बेअरिंग झिजतंय. इंजिन न उघडता! फोरमन मात्र लॅबचा रिपोर्ट बघायच्या आधी स्वतः दोन बोटांत तेल चोळून बघायचा, आणि रिपोर्ट त्याच्याशी जुळला की लॅबवाल्यांना शाबासकी द्यायचा.

बोरघाटात इंजिनात बसून जायची संधी मिळाली तर सोडू नका. 37 फुटांना एक फूट असा चढ, कर्जतला मागून बँकर (गाडी ढकलणारी जादा इंजिनं) लागलेले. पुढचा आणि मागचा ड्रायव्हर तेव्हा शिट्ट्यांवर बोलायचे. आता वॉकीटॉकी आहे. उतरताना ब्रेक तपासायला गाडी थांबते, तेव्हा प्रवासी कुरकुरतात. कुरकुरू देत.

धागाकर्ता

काका, त्या लॅबवर वेगळं लिहाच.

नवा_भिडू

माझा प्रश्न आहे. जेई सिग्नलसाठी निवड झालीये, मेडिकल बाकी. शिवाय एका खासगी सिग्नलिंग कंपनीची ऑफरही आहे. चष्मा आहे. काय करू?

मिरज_लाइन

चष्मा चालतो, पण नंबरला मर्यादा आहे, तुझ्या पदाची मेडिकल श्रेणी अधिसूचनेत बघ. रंगदृष्टीत सूट नाही. आजच कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे इशिहारा तक्त्यावर तपासून घे, कारण बऱ्याच मुलांना ते मेडिकललाच पहिल्यांदा कळतं. पास झालास तर सिकंदराबादला इरिसेटमध्ये (रेल्वेची सिग्नलिंग शिकवणारी संस्था) ट्रेनिंग, तिकडचं जेवण तिखट आहे. आणि कंपनीच्या ऑफरमध्ये बाँड (ठरावीक वर्षं नोकरी सोडायची नाही, नाहीतर पैसे भरा, असा करार) आहे का, किती वर्षांचा, रक्कम किती, ते इथे लिही. मग बोलू.