तुमच्या गावावरून बार्शी लाईट कुठून जायची? (लातूर-धाराशिवकडचे अनुभव)

गेल्या दिवाळीत आत्याला दवाखान्यात नेत होतो. लातूरच्या रिक्षावाल्याला गल्लीचं नाव सांगून दमलो, त्याला काही उमजेना. शेवटी आत्या मागून म्हणाली, "जुन्या रेल्वे लाईनला घे रे बाबा." तो लगेच वळला. पोरगा विशीतला. तिथं रूळ असलेले त्यानं कधी बघितले नसणार, पण पत्ता त्याला ठाऊक होता. त्या दिवसापासून ही लाईन, म्हणजे जुनी बार्शी लाईट रेल्वे, डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढतोय.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1895 मध्ये कंपनी काढली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांवरची गाडी सुरू केली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. 1906 मध्ये लाईन पंढरपूरला पोचली, 1907 मध्ये इकडं तडवळ्यापर्यंत, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. 1954 मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. पुढं रुंदीकरण झालं तेव्हा मार्ग वळवून धाराशिव शहरातून नेला. लातूर ते धाराशिव 2007 मध्ये, तिथून कुर्डुवाडी 2008 मध्ये. त्यामुळं जुना भराव काही ठिकाणी नव्या रुळांखाली गेला, काही ठिकाणी रानात एकटाच राहिला. मला हा एकटा राहिलेला भाग हुडकायचाय.

मोरी (रुळाखालून पाणी जायचा छोटा पूल), दगड, रुळाचा तुकडा, घरातल्यांचं बोलणं, जे असेल ते लिहा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणूनच लिहा.

तडवळा भागातला शेतकरी

आमच्या रानाच्या वरच्या अंगाला एक बांध आहे. बाकीचे बांध काटकोनात जातात, हा मात्र लांबून हळूच वळत येतो. लहानपणी वाटायचं, कुणीतरी वाकडा घातलाय. भूमी अभिलेखमधून गावनकाशा काढला तेव्हा कळलं. नकाशात सगळ्या गटांना कापत दोन रेघा शेजारी-शेजारी जातात, त्यातलंच हे वळण. बैलाच्या नांगरानं असं वळण होत नाही, ते गाडीसाठीच काढावं लागतं. एकदा हे डोळ्यात बसलं की मोबाईलवरच्या उपग्रहाच्या चित्रातसुद्धा पुढचा भराव सापडतो. पिकाचा रंग बदलतो. भरावावर मुरूम आहे, तिथं सोयाबीन आधी पिवळं पडतं.

मागच्या उन्हाळ्यात त्याच रेषेवरून चालत निघालो. पुढच्या शिवारातल्या म्हाताऱ्या मामांनी हटकलं, "काय हुडकूलालाव?" म्हणलं, रेल्वे. ते काही न बोलता पुढं झाले आणि बाभळीखाली घेऊन गेले. काटे बाजूला सारले, तर खाली काळ्या दगडाची मोरी. चुन्यात बांधलेली, कमान शाबूत. आत वाकून बघितलं, तर गार वारा लागला. मामा म्हणाले, "पावसात अजून हितूनच पाणी निघतं. आम्ही बुजू दिली न्हाई."

आणखी एक. 1941 च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आमच्या कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. गावोगावची माणसं गाडीत बसून, टपावर चढून आली होती, असं आमचे आजोबा सांगायचे. टपाचं ऐकीव आहे.

निवृत्त शिक्षिका, लातूर

मला गाडीचा वेग आठवत नाही, वास आठवतो. कोळशाचा धूर आणि आजीच्या फडक्यातली दशमी-चटणी. आषाढीला आजी मला घेऊन पंढरपूरला निघायची. डबा इतका अरुंद की समोरच्या बाईच्या गुडघ्याला गुडघा लागायचा. त्यामुळं ओळख करून घ्यावी लागत नसे, झालेलीच असे. मुरुडला कुणी शेंगा दिल्या, ढोकीला कुणी पेरू. आजी अभंग म्हणायला लागली की पलीकडच्या डब्यातून साथ यायची. रात्री दिवे जायचे आणि मग अंधारात फक्त टाळ.

माझ्याकडं एक पुठ्ठ्याचं तिकीट होतं. घर बदलताना गेलं. आज त्याची फार हळहळ वाटते. तुमच्यापैकी कुणाकडं असेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, कागदी पाकिटात ठेवा.

येडशी

आमचं गाव निजामाच्या हद्दीत आणि पुढचं पांगरी इंग्रजांच्या. म्हणजे रामलिंगाचा घाट उतरून गेलं की राज्यच बदलायचं. आजोबा सांगायचे, बार्शीच्या बाजाराला जाताना हाली (निजामाचे) रुपये मोडून कलदार (इंग्रजी रुपये) घ्यावे लागत, आणि येताना करोडगिरीवाले, म्हणजे जकातवाले, गाठोडी सोडून बघत. आजीनं एकदा बार्शीहून आणलेलं लुगडं नेसून घेतलं होतं, वरून जुनं गुंडाळलं, म्हणून जकात वाचली. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नात सांगितली जाते.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य गेलं, पुढं नाकाही उठला. आजोबांच्या मनातून मात्र हद्द गेली नाही. पांगरीला गाडी पोचली की ते शेवटपर्यंत म्हणत, "आलो मुलखात."

रामलिंगाला जाल तेव्हा देवळापुरतं बघून परत येऊ नका. जटायूची कथा जिथली सांगतात, त्याच दरीच्या कडेनं गाडी जायची. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की जुना मार्ग नीट उमटतो.

इंजिनिअर, मूळ गाव ढोकीजवळ

कॅलथ्रॉपची खरी हुशारी वजनात आहे. त्यानं ठरवलं की इंजिन असो, डबा असो की मालवाघीण, कुठल्याच आसावर 5 टनांच्या वर भार पडू द्यायचा नाही. भार वाटून टाकला की वारी (दर वाराला, म्हणजे तीन फुटांना) 30 पौंडांचा हलका रूळ पुरतो. रूळ हलका म्हणून पूल हलके, भराव कमी, खर्च कमी. आपल्याकडं बार्शी लाईट म्हणजे हळू गाडी असं बोलतात, त्याचं मला वाईट वाटतं. ज्या भागात मोठी रेल्वे यायला तयारच नव्हती, तिथं पोचण्यासाठी केलेली ती विचारपूर्वक रचना होती. लातूरच्या आडतीतला माल इतकी वर्षं तिनंच वाहिला.

आमच्या प्राथमिक शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. लिंबाला तारेनं टांगलेला. मुख्याध्यापकांच्या परवानगीनं तो उतरवून किराणा दुकानात काट्यावर ठेवला. हातभर लांबीचा तुकडा साडेसहा किलोच्या वर भरला. वारी 30 पौंडांचा हिशोब लावा, जवळपास तेवढंच येतं. वरची बाजू एका अंगानं झिजलेली आहे, म्हणजे तो वळणावरचा रूळ असावा. परत टांगला. पोरांनी लगेच टोल देऊन बघितला.

लातूर, गृहिणी

मी जुनी गाडी बघितलेली नाही. मी पाण्याची गाडी बघितली. एप्रिल 2016. धनेगावचं धरण कोरडं, आमच्या गल्लीत कितीतरी दिवसांनी टँकर यायचा. 12 तारखेला पहाटे मिरजेहून पहिली गाडी आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर पाणी. सासरे उठून बसले आणि म्हणाले, "मिरजेची गाडी आली म्हण की." मला वाटलं, पाण्याच्या आनंदात बोलतायत. नंतर समजलं, त्यांच्या लहानपणी लातूर-मिरज हा एकाच लाईनीचा पल्ला होता. ते त्या गाडीनं मिरजेला डोळे दाखवायला गेले होते. घागर भरताना मला ते दोन्ही एकदम आठवत होतं, त्यांचे डोळे आणि हे पाणी.

कळंब रोड स्टेशनजवळून

आमच्याकडं शेताच्या कडेला एक विहीर आहे, सगळे तिला रेल्वेची विहीर म्हणतात. इंजिनाला पाणी इथून घ्यायचे असं वडील सांगतात. काठावरच्या एका दगडावर काहीतरी कोरलेलं आहे, पण शेवाळ आणि चुन्यामुळं वाचता येत नाही. खरवडू का?

(धागाकर्ता) खरवडू नका, दगड जाईल. सकाळी ऊन तिरपं असताना दगडावर तांब्याभर पाणी ओता आणि एका बाजूनं बघा. ओल्या दगडावर अक्षरं उठून दिसतात. फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा. रविवारी मी तिकडं येतोच आहे, तडवळ्याच्या मामांची मोरीपण बघायचीय.