९ वर्षांच्या लॅब्राडोर कुत्र्याला आता 'बस' शिकवता येईल का? (नाशिक)

पाथर्डी_फाटा:
नमस्कार मंडळी. सासूबाईंचा लॅब (लॅब्राडोर) आहे, बंटी, वय ९, वजन ४१ किलो. आत्तापर्यंत ओझरला बंगल्याच्या अंगणात वाढला, दिवाळीनंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तसा तोही आला. तिथे त्याला कुणी काही शिकवलं नाही आणि गरजही पडली नाही, गेट कायम बंद असायचं. इथे आमचं रो हाऊस, दार उघडलं की चार पावलांवर रस्ता, रिक्षा, पाण्याचे टँकर, शाळेच्या व्हॅन सगळं चालू. कुरिअरवाला आला रे आला की हा पायांमधून सुसाट बाहेर. परवा एक अ‍ॅक्टिव्हावाल्या ताई थोडक्यात वाचल्या, नंतर आम्हाला जे बोलल्या ते ऐकून घ्यावंच लागलं.

म्हणून दार उघडायच्या आधी त्याला 'बस' म्हणून बसवायचं असं ठरवलंय. यूट्यूबवर दाखवतात तसं बिस्किट नाकासमोरून डोक्यावर नेते, व्हिडिओतलं पिल्लू टुणकन बसतं, आमचा मागे मागे सरकत शोकेसला टेकतो आणि तोंड फिरवून घेतो. कधी अर्धवट खाली जातो की परत उभा. मिस्टर म्हणतात नाटकं आहेत, सासूबाई म्हणतात म्हाताऱ्याला छळू नका. या वयात खरंच शिकतात का, की सरळ दाराच्या आत अजून एक जाळीचं गेट बसवून घेऊ?

सिडको_काका:
अहो ताई, जे शिकायचं ते पहिल्या वर्षात. आता चोक चेन घाला, दोन झटके द्या, आठवड्यात सरळ येतो का नाही बघा. आमच्याकडे अल्सेशियन होता, नुसत्या नजरेने बसायचा.

गोदाकाठची_अनू:
काका, राग मानू नका पण नऊ वर्षांच्या कुत्र्याच्या मानेला झटके कशाला, आधी तो बसत का नाही ते तरी बघू.

ताई, घरात गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी आहे ना? अर्धवट खाली जातो आणि परत उभा राहतो हे वाचूनच मला शंका आली. लॅबमध्ये खुब्याचा त्रास आणि संधिवात खूप कॉमन आहे, त्यात ४१ किलो म्हणजे जास्तच, नर लॅब साधारण २९ ते ३६ किलोत असावा. बसताना सगळा भार मागच्या पायांवर येतो आणि गुळगुळीत फरशीवर ते पाय बाहेर सरकतात. बिस्किट समोर असताना लॅब तोंड फिरवतो म्हणजे ते नाटक नाही हो, लॅब खाण्याच्या बाबतीत नाटक करतच नाही!

आज फक्त एवढं बघा, झोपेतून उठताना पुढचे पाय रोवून मागचं धड ओढत उठतो का, आणि पहिली काही पावलं ताठ टाकून मग मोकळा होतो का. तसं असेल तर आधी व्हेटकडे जा. सध्या निफाडचा पारा ज्या थाटात घसरतोय त्यात सांधे सकाळी आखडणारच. आणि कृपा करून घरातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन वगैरे देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी ठरू शकतं, त्यांची औषधं वेगळी असतात.

आता मुद्द्याचं. तुम्हाला तो बसायला हवाय की दारात थांबायला हवाय? थांबायलाच ना, मग उभ्यानेच थांबू दे की. दाराच्या आत दोन हात अंतरावर रबरी पाठीची मॅट टाका, पट्टा लावा, तो मॅटवर आला की शाब्बास म्हणून तुकडा द्या. मग 'थांब' म्हणून हात कडीला नुसता लावा, हलला नाही तर लगेच तुकडा, आणि तोही मॅटवरच द्यायचा, तुमच्याकडे बोलवून नाही. मग कडी वाजवा. मग दार बोटभर उघडा. तो पुढे झेपावला तर ओरडायचं नाही, ओढायचं नाही, दार शांतपणे लावून घ्यायचं (नाक सांभाळून). पुढे गेलो की दार बंद होतं आणि थांबलो की चिकन मिळतं हा हिशोब त्याला चांगला कळतो. पूर्ण दार उघडेपर्यंत घाई नको, आणि बाहेर जायचं असेल तेव्हा 'चल' म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

एका वेळी पाच मिनिटं पुरे, जेवणाआधी, थंडीत दुपारी ऊन आल्यावर. चुकायला लागला की एक पायरी मागे या.

आणि म्हाताऱ्यांच्या डोक्याचं म्हणाल तर व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठात ५ महिने ते १३ वर्षं वयाच्या ९५ बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्यांना टचस्क्रीनवर चित्रं ओळखायला लावली होती, २०१६ मध्ये ते छापून आलं. म्हाताऱ्यांना शिकायला जास्त वेळा करून दाखवावं लागलं हे खरं, पण शिकलेलं सहा महिन्यांनी आठवण्यात ते तरुणांपेक्षा कमी पडले नाहीत.

इंदिरानगर_ट्रॅक:
अनूताईंशी सहमत. फक्त एक अ‍ॅड करतो, कानही तपासा. तो पाठमोरा असताना मागून बिस्किटाच्या पुड्याचा आवाज करा, कान हलतो का बघा. ऐकू कमी येत असेल तर 'थांब' सोबत पहिल्या दिवसापासून तळहात दाखवा, आमच्या म्हातारीचे कान गेल्यावर हातावरच सगळं चाललं. शिवाय घरात सगळ्यांनी एकच शब्द ठेवा, एक जण स्टे, दुसरा रुक, आजी 'हलू नकोस रे बाळा', त्याने कुणाचं ऐकायचं!

दिंडोरीकर:
तुकडा तुकडा चाललंय म्हणून सांगतो, काय देताय ते बघा. सीझन आहे, घरोघरी द्राक्षाच्या पेट्या येतात आणि लोक कौतुकाने कुत्र्याला भरवतात. द्राक्ष आणि बेदाणे दोन्हीने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही, एखाद्याला थोड्यातच बाधतं, त्यामुळे एक मणीसुद्धा नको. आमची स्वतःची बाग आहे तरी कुत्र्यांना छाटणीपासून काढणीपर्यंत बागेत सोडत नाही. उकडलेलं चिकन बिनमिठाचं, हरभऱ्याएवढा तुकडा बास. कांदा-लसूण घातलेलं नको. आणि तेवढं जेवणातून कमी करा, नाहीतर शिकेल पण ४५ किलोचा होईल.

पाथर्डी_फाटा:
सगळ्यांचे खूप आभार. व्हेटकडे जाऊन आलो, एक्सरे काढला, दोन्ही खुब्यांत संधिवात निघाला. गोळ्या चालू केल्यात आणि वजन उतरवायला सांगितलंय. मिस्टरांनी गुपचूप हॉलभर मॅटी आणून टाकल्या, नाटकं हा शब्द त्यानंतर ऐकला नाही 😄 मॅटवर उभं राहणं मस्त जमतंय, दार अर्धं उघडलं तरी थांबतो, सासूबाईंसाठी तर माझ्यापेक्षा जास्त थांबतो. कान ठीक आहेत. पण बेल वाजली की सगळं पाण्यात, तिथून पुढे माझं अस्तित्वच नाही त्याच्यासाठी. काय करू?

गोदाकाठची_अनू:
अर्धं दार म्हणजे छानच चाललंय की! बेल वेगळी शिकवा, दाराशी जोडू नका अजून. मोबाइलवर तुमच्याच बेलचा आवाज रेकॉर्ड करा, अगदी बारीक वाजवा, वाजला की मॅटवर तुकडा. दार उघडायचंच नाही, कुणी येणार नाही. आवाज हळूहळू वाढवा, मग मिस्टरांना बाहेर उभं करून खरी बेल. तोपर्यंत खरं कुणी आलं तर सराव विसरा, आधी पट्टा, मग दार. आणि ते जाळीचं गेट बसवूनच घ्या, शिकला तरी राहू दे.

सिडको_काका:
चिकन देऊन कुणीही थांबेल, आम्हीपण थांबू.

दिंडोरीकर:
काका, मॅट टाकतो, या 😂