मदत हवी आहे: कूलर चालू असताना माळ्याचं झाकण उघडं ठेवायचं की बंद?

मंडळी, आमच्या घरात एका लाकडी झाकणावरून रोज दुपारी वाद होतो, म्हणून इथे विचारते.

नागपुरात महाल भागातलं जुनं घर आहे. खाली दोन खोल्या, वर फळ्यांचा माळा आणि त्यावर टिनं. आधी कवेलू (मातीची कौलं) होते, पण पावसाळ्याआधी ते फेरायला माणूस मिळेना म्हणून सासऱ्यांनी टिनं टाकली. गळायचं थांबलं, पण तेव्हापासून मे महिना काढणं मुश्कील झालंय.

परवा दुपारी तीनला थर्मामीटर घेऊन शिडी चढले. अंगणात सावलीत ४४, माळ्यावर ५३! वर ठेवलेल्या पापडांच्या डब्याला हात लावला तर चटकाच बसला. खाली कूलर अकरापर्यंत मस्त गारवा देतो. मग मात्र अंगाला हवा थंड लागते आणि डोक्यावर तवा धरल्यासारखी धग येते. रात्री टिनं लवकर निवतात, पण फळ्या आणि वरच्या ट्रंका, गाद्या बारा वाजेपर्यंत गरमच असतात.

बाबा (सासरे) म्हणतात, झाकण उघडं ठेवा, गरम हवा वर निघून जाते. नवरा म्हणतो, कूलरची हवा फुकट जाते आणि वरची धग खाली येते. मिस्त्री माळ्यावर एक्झॉस्ट बसवा म्हणतो, शेजारच्या काकू फळ्यांवर थर्माकोल अंथरा म्हणतात. माळ्याला दोन्ही टोकांना झरोके आहेत, त्यातला एक कबुतरांमुळे गोणपाट कोंबून बंद केलाय. बजेट दहा-बारा हजार. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायला पंधरा दिवस आहेत, त्याआधी काय करता येईल?

प्रतिसाद

ताई, सासरे बरोबर आहेत, पण कूलरपुरतेच. कूलर बाहेरची हवा सतत आत ढकलतो, तेवढी बाहेर जायला वाट लागते, नाहीतर दमट कोंदतं. ती वाट खिडकीऐवजी माळ्यातून दिली तर वापरलेली हवासुद्धा वरच्या ५३ पेक्षा कितीतरी थंड असते, ती माळा धुऊन काढते. त्यासाठी आधी ते गोणपाट काढा आणि जाळी लावा. झाकण कूलरपासून लांब असलं तर उत्तम. खिडक्या अर्ध्या लोटून घ्या, नाहीतर हवा सोपी वाट धरेल. कूलर बंद केला की झाकण बंद.

उद्या एसी घेतलात तर हिशोब उलटा. तेव्हा झाकण आणि फळ्यांच्या फटी घट्ट बंद हव्यात, नाहीतर मिस्त्रीचा एक्झॉस्ट तुमची थंड हवाच ओढून बाहेर फेकेल.

थर्माकोल नको. लाकूड, जुनी वायरिंग आणि लवकर पेटणारी वस्तू एकाच ठिकाणी, कशाला? पैसे खर्च करायचेच तर टिनांवर पांढरा रंग द्या, ऊन वरच्यावर परतवलेलं सगळ्यात स्वस्त. धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो, म्हणून उन्हाळ्याआधी धुवावा लागेल. दुसरं म्हणजे टिनांखाली चकचकीत फॉईल. तिची चमकती बाजू खाली, मोकळ्या हवेकडे ठेवायची. फळ्यांवर पसरली तर धूळ बसून वाया जाते.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. काल गोणपाट काढलं, जाळी ठोकली, झाकण उघडलं. दुपारी तीनला माळा ४७ वर, बाहेर तेच ४४. धग गेली नाही, पण निम्मी तरी नक्की कमी झाली. बाबा सकाळपासून मिशीत हसतायत, नवरा झाकणाकडे बघतही नाही.

आता रविवारी रंगवाला येतोय. एकच शंका राहिली: फॉईल टिनांना चिकटवून ठोकायची, की खालच्या लाकडी रिपांना लावून मध्ये चार बोटं जागा सोडायची?