'आत्मिक इस्राएल' की 'आध्यात्मिक इस्रायल'? शब्द हवा आहे

अनुवादिनी
एका ख्रिस्ती मंडळीच्या मासिकासाठी बायबलातल्या रोमकरांस पत्रावरचा एक मोठा इंग्रजी लेख मराठीत करते आहे. त्यात 'स्पिरिच्युअल इस्राएल' पानोपानी येतं. अर्थ असा की ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे, मग ते कुठल्याही वंशाचे असोत, तेच आता देवाचे निवडलेले लोक. मी 'आध्यात्मिक इस्रायल' लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे 'आत्मिक इस्राएल' केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "आपल्यात असंच म्हणतात."
खर्डा आमच्या शेजारच्या मावशींनी वाचायला मागितला. त्या ठाण्यातल्याच, बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी यहुदी. दोन पानं वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही आत्मिक, मग आम्ही काय नुसते हाडामांसाचे?" लेखकाचं म्हणणं तर नीट पोचायला हवं, पण मावशींना घराबाहेर काढणारा शब्दही मला नको आहे. काही सुचतंय का?

नगरचा_मास्तर
ताई, संपादकांचं बरोबर आहे. आमच्याकडे आत्मिक वाढ, आत्मिक गीतं, आत्मिक संगती असंच तोंडात बसलेलं आहे. हा शब्द थेट पवित्र आत्म्याशी जोडलेला राहतो. रोम 2:28-29 पाहा. बाह्यात्कारी यहूदी तो यहूदी नव्हे, खरी सुंता अंतःकरणाची, आत्म्याने झालेली, असा तिथला मुद्दा आहे. 'आध्यात्मिक' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यापुढे मठ, प्रवचन आणि ध्यानधारणा येते. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाला ते मुळीच म्हणायचं नाही.

धातुपाठ
मास्तर, हा खास मंडळीचा शब्द झाला. मासिक मंडळीबाहेरच्या मराठी माणसाने वाचावं असं वाटत असेल तर 'आध्यात्मिक'च हवा. अधि अधिक आत्मन्, स्वच्छ घडण. गीतेच्या आठव्या अध्यायात 'स्वभावोऽध्यात्ममुच्यते' आहे, ज्ञानेश्वरांपासून शब्द घराघरांत पोचलेला आहे. 'आत्मिक' हे भाषांतराच्या गरजेपोटी वेगळं काढलेलं नाणं वाटतं.

ओवीप्रेमी
धातुपाठ, घराघरांत पोचला, पण कुठल्या अर्थाने पोचला? दासबोधात तिसऱ्या दशकात त्रिविध ताप आहेत. त्यातला 'आध्यात्मिक ताप' म्हणजे देह, इंद्रियं आणि प्राण यांच्यामुळे होणारा त्रास. समर्थ तिथे यादीच देतात: खरूज, पुळ्या, देवी, गोवर! आमची आजी पोथी वाचताना हाच अर्थ सांगायची. म्हणजे जुन्या मराठीच्या हिशेबाने अनुवादिनीताईंचं 'आध्यात्मिक इस्रायल' हेच उलट हाडामांसाचं ठरेल. रुळलेला शब्द म्हणून पुढे करताना तो कुठून कुठे रुळत आला हेही बघावं.

धातुपाठ
शब्दाचा आजचा अर्थ गोवराचा नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि वापराला प्रमाण मानायचं असेल तर आजचाच वापर माना. सोयीने तीनशे वर्षं मागे जायचं हे बरं नाही.

नगरचा_मास्तर
हाच वाद आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. पंडिता रमाबाई शास्त्र शिकलेल्या, संस्कृत तोंडपाठ. तरी बायबलचं भाषांतर करताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, आणि दर्शनांच्या वासाचे संस्कृत शब्द टाळून बायाबापड्यांना कळेल अशी मराठी धरली. 1922 साली त्या गेल्या, 1924 मध्ये केडगावला ते छापून पूर्ण झालं. ज्या बाईला संस्कृत सगळ्यांत जास्त येत होतं तिनेच ते बाजूला ठेवलं. याला वेगळं नाणं म्हणून हिणवू नये.

वसईचा_पाऊस
विशेषणावर भांडण्याआधी एक पाहू या. हे विशेषण पौलाचं आहे का? नाही. नव्या करारात 'आत्मिक इस्राएल' हे शब्द जोडीने कुठेच येत नाहीत. 1 करिंथ 10:18 मध्ये 'देहाने इस्राएल' आहे. त्याची जोडी म्हणून 'आत्म्याने इस्राएल' तो लिहू शकला असता, त्याने लिहिलेलं नाही. गलती 6:16 मध्ये 'देवाचं इस्राएल' आहे, आणि तिथे सगळी गंमत एका ग्रीक अव्ययात आहे, काइ. त्याचा साधा अर्थ 'आणि'. या नियमाने चालणाऱ्यांना शांती आणि दया असो, 'आणि' देवाच्या इस्राएलालाही. तसं वाचलं तर विश्वासणारे वेगळे, देवाचं इस्राएल वेगळं. पण तेच अव्यय 'म्हणजेच' असंही वाचता येतं, की दोन्ही एकच झाले. विद्वान आजही दोन्ही बाजूंना आहेत. आपण मराठीत 'आणि' किंवा 'म्हणजे' टाकतो तेव्हा निकाल देऊन मोकळे होतो.
'खरं, आत्मिक इस्राएल आम्हीच' असं ठणकावून सांगणारा जस्टिन, दुसऱ्या शतकाच्या मध्याचा ख्रिस्ती लेखक, ट्रायफो नावाच्या यहुद्याशी घातलेल्या वादात. म्हणजे हा शब्दप्रयोग वादाच्या मैदानात तयार झाला. मावशींना तो लागला यात नवल नाही, त्याची धार त्यासाठीच होती.

नगरचा_मास्तर
शब्द नसेल, कल्पना आहे. रोम 9:6, इस्राएल वंशातले सगळेच इस्राएल नव्हेत. 1 पेत्र 2:9 मध्ये तर निर्गमच्या 19व्या आणि यशयाच्या 43व्या अध्यायातली बिरुदं मंडळीला दिली आहेत: निवडलेला वंश, राजकीय याजकगण, पवित्र राष्ट्र. पुढच्याच ओळीत होशेय संदेष्ट्याचं वचन येतं, जे पूर्वी लोक नव्हते ते आता देवाचे लोक झाले. आमचे वाडवडील गावकुसाबाहेरचे. त्यांना पहिल्यांदा कुणी 'तुम्ही निवडलेला वंश आहात' म्हटलं ते याच वचनाने. ते आम्ही कुणाला हाकलायला म्हटलेलं नाही, आम्हाला उभं राहायला जागा मिळाली म्हणून म्हटलं.

वसईचा_पाऊस
मास्तर, हे मनापासून मान्य. आम्हा कॅथलिकांच्याही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये चर्चला 'नवं इस्राएल' म्हटलंच आहे. पण त्याच परिषदेने पुढच्याच वर्षी, 28 ऑक्टोबर 1965 ला, बजावलं की यहुद्यांना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणून दाखवू नये, आणि आधार रोमकरांस पत्राच्या 11व्या अध्यायाचाच घेतला. देवाची देणगी आणि पाचारण मागे घेतलं जात नाही. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता येतील असा शब्द ताईंना हवा आहे.

पुणे_कॅम्प
आमच्या मंडळीत हा शब्दच वापरत नाहीत. इस्राएल म्हणजे इस्राएल, मंडळी म्हणजे मंडळी, देवाच्या दोन वेगळ्या योजना. एकोणिसाव्या शतकातला धर्मोपदेशक डार्बी आणि 1909 चं टीपांसहित स्कोफील्ड बायबल यांच्यापासूनची शिकवण आहे. अनुवादात मूळ लेखकाचा शब्द ठेवा आणि खाली टीप द्या.

टेंभीनाका
मी बेने इस्राएल, मराठी माध्यमात शिकलेला. आत्मिक-आध्यात्मिकपेक्षा मला 'निवडलेले' हा शब्द जास्त बोचतो. तांदूळ निवडले म्हणजे खडे फेकले. मराठीत निवडण्याबरोबर फेकणं येतंच. हिब्रूत निर्गम 19:5 ला शब्द आहे सगुल्ला. म्हणजे राजाने स्वतःजवळ राखलेला ठेवा. 1 इतिहास 29:3 मध्ये दावीद मंदिरासाठी आपलं खासगी सोनंरुपं देतो, तिथे हाच शब्द आहे. मराठी बायबलात 'खास निधी' केलंय ते फार चांगलं आहे. ठेवा राखताना बाकीचं कुणी उकिरड्यावर टाकत नाही, आणि त्याच वचनात 'सर्व पृथ्वी माझीच आहे' असंही आहे.
आणि निवड म्हणजे मान एवढंच धरू नका. आमोस 3:2 मध्ये देव म्हणतो, पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांपैकी तुम्हालाच मी ओळखलं, 'म्हणून' तुमच्या सगळ्या अपराधांची शिक्षा तुम्हाला करीन. हे 'म्हणून' आमच्या घरी लहानपणापासून ऐकवलं जातं. कुणाला आत्मिक इस्राएल व्हायचं असेल तर हे 'म्हणून'ही घ्यावं लागेल.

कलमवाला_देवगड
धर्मातलं मला फार कळत नाही, पण वसईकरांनी 11वा अध्याय काढला म्हणून वाचला. त्यात जैतुनाचं कलम आहे, आणि ते उलटं बांधलंय! आम्ही कोय कलम करतो तेव्हा मूळ रायवळाचं. रायवळाची कोय रुजली, पानं तांबूस कोवळी आहेत तोवर शेंडा छाटायचा, खुंटाला चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची आणि पट्टी घट्ट गुंडाळायची. फळ येतं ते काडीच्या जातीचं. पौल मात्र चांगल्या झाडाच्या खुंटावर रानटी काडी बांधतो. आमच्याकडे असं कुणी करत नाही. त्याला आंबटच फळ यायचं.
मला आधी वाटलं पौल शहरी माणूस, चुकला असेल. पण 24व्या ओळीत तोच म्हणतो की हे निसर्गाच्या उलट आहे. म्हणजे जाणून केलंय. शिवाय तोडलेल्या मूळच्या फांद्या देव पुन्हा जोडील म्हणतो. आमची तोडलेली काडी दोन दिवसांत वाळते. मला त्यातून एवढंच समजलं की काडीने झाडाचं नाव घेऊ नये. 18व्या ओळीत स्पष्ट आहे, तू मुळाला उचललेलं नाहीस, मुळाने तुला उचललंय.

नगरचा_मास्तर
देवगडकर, फार सुंदर. मी वर्षानुवर्षं यावर शिकवतोय, पण पट्टी गुंडाळताना कुणी समजावलं नव्हतं. तरी एक धरून ठेवतो. जगलेली काडी त्याच झाडाची झाली. झाड एकच आहे, दोन नाहीत, हे पुणे कॅम्पनीही पाहावं. मग तिला त्या झाडाची फांदी म्हणायचंच नाही का?

टेंभीनाका
फांदी म्हणा. झाड म्हणू नका.

धातुपाठ
मग 'कलमी इस्राएल' म्हणणार का? मूळ प्रश्न पारिभाषिक शब्दाचा आहे. आणि ते इस्राएल की इस्रायल हेही कुणी ठरवलेलं नाही. वर्तमानपत्रांत 'इस्रायल' रुळलंय, तेच प्रमाण धरावं.

टेंभीनाका
'एल' म्हणजे देव. बेथेल, इम्मानुएल, तोच एल. 'यल' केलं की देव पुसला जातो. आमच्या जमातीच्या नावात इस्राएल 1948 ला देश झाला त्याच्या खूप आधीपासून आहे. कोकणात लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून. 'यहूदी' न म्हणता 'बेने इस्राएल' का धरलं याबद्दल आमच्याकडे असं सांगतात की मुसलमानी अमलात ते नाव जास्त आदराचं होतं. ते खरं असो नसो, देशाची बातमी आणि आमचं नाव एकाच स्पेलिंगात कोंबू नका.

ओवीप्रेमी
मला वाटतं मराठीने हा भेद आधीच केलाय. बायबलात 'इस्राएलाला', 'इस्राएलाचा' असं सामान्यरूप होतं, याकोबाला म्हणतो तसं, कारण ते त्याच माणसाचं दुसरं नाव. उत्पत्तीच्या 32व्या अध्यायात रात्रभर झोंबी घेतल्यावर मिळालेलं. देश असेल तर आपण 'इस्रायलला', 'इस्रायलचा' म्हणतो. अनुवादिनीताई, विशेषण काहीही ठेवा, पण 'देवाच्या इस्राएलाला' असंच लिहा.

धातुपाठ
हा भेद नियमाने होत नाही. परकी नावं विकाराशिवाय ठेवायची अलीकडची पद्धत आहे, एवढंच. 'जपानात' म्हणतो की नाही? ते काय माणसाचं नाव आहे?

ओवीप्रेमी
'जपानात' म्हणतो, पण 'जपानाला' म्हणत नाही. सप्तमीचं वेगळं आहे, वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

अनुवादिनी
वाचते आहे सगळं. लेख परवा द्यायचा आहे. 'सगुल्ला'ला जुन्या मराठी भाषांतरांत 'निधी'खेरीज आणखी काय काय केलंय, कुणाकडे आहे का?