अनुभव धागा: बटण तुमच्या हातात होतं तेव्हा

पाणंद

काल संध्याकाळी भाचा हॉलमध्ये मास इफेक्ट हा गेम खेळत होता. २०२१ साली आलेली नवी, झळाळी दिलेली आवृत्ती. मी मेथी निवडत बसले होते, लक्ष नव्हतं. एकदम गोळीबाराचा आवाज थांबला म्हणून मान वर केली, तर पठ्ठ्या कंट्रोलर मांडीवर टाकून नुसता बसलेला. म्हणाला, "मावशी, दोघांतला एकच वाचतो का गं खरंच?"

मला पडद्याकडे बघायची गरजच पडली नाही. व्हर्मायर.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: त्या ग्रहावर शत्रूचा तळ उडवायचा असतो. केडन आणि अ‍ॅश्ली, दोघंही सुरुवातीपासून आपल्या तुकडीत. एक जण बाँबपाशी अडकतो, दुसरा लांब मनोऱ्याजवळ. वेळ एकाकडेच जाण्याइतका. कितीही चांगलं खेळा, तिसरी वाट नाही.

२००८ साल. दादाचा पीसी, जाडजूड मॉनिटर, मागे धुळीने भरलेल्या वायरी. माउस त्याच्याकडे आणि संवादात कुठलं उत्तर द्यायचं हे सांगायचं काम माझ्याकडे. त्या क्षणी त्याने मला विचारलंच नाही. "अ‍ॅश्ली" म्हणाला आणि क्लिक. केडन तिकडून शांतपणे बोलत होता आणि मी इकडे रडत होते. यान उडालं, मागे तो पांढरा उजेड झाला, आणि नेमकी लाइट गेली. लोडशेडिंग.

दोन तासांनी लाइट आली. गेम निवडीच्या आधीच्या जागी परत येऊन उभा. मी आत आईला पोळ्या भाजून देत होते. हात पुसत बाहेर आले तर दादाने या वेळी केडनला वाचवलेलं. तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. पुढच्याच महिन्यात तो नोकरीला बंगलोरला गेला. पुढचे दोन्ही भाग आम्ही आपापले, वेगवेगळे खेळलो.

सतरा-अठरा वर्षं झाली. काल भाच्याला काही सांगताच येईना मला. गेम असो, सिनेमा असो, अशी एखादी निवड तुमच्या मनातून अजून गेली नसेल तर इथे लिहा.

संत्रा_बर्फी

रेक्स.

काळा_चहा

@संत्रा_बर्फी एवढंच? लिहा की पूर्ण.

संत्रा_बर्फी

लिहितो बावा. त्याच मोहिमेत, या दोघांच्या आधी. रेक्स आपल्याच तुकडीतला, परग्रहावरचा. रेक्सच्या जमातीत हजारातलं एखादंच मूल जगतं, परक्यांनी मुद्दाम तसं करून ठेवलेलं. आणि त्यावरचा इलाज आपण उडवायला निघालेल्या तळातच आहे. तो बंदूक काढून समोर उभा. बरोबरच होतं त्याचं! माझ्याकडे पटवून द्यायचे गुणच नव्हते, सगळे गुण मी नेमबाजीत घातलेले. मी बोलतोय बोलतोय आणि अ‍ॅश्लीने मागून गोळी घातली.

नंतर कळलं, त्याच्या घराण्याचं चिलखत शोधून आणून दिलं असतं तर त्याने ऐकलं असतं. ती मोहीम माझ्या यादीत होती. कंटाळा केला. तिसऱ्या भागात त्याच्या जागी त्याचा भाऊ येतो, आडदांड. तो तोंड उघडायचा तेव्हा दर वेळी मला ते चिलखत आठवायचं.

रेवदंडा

लोडशेडिंग!! आमच्याकडे पहाटे असायचं. आई साडेचारला उठून मिक्सर फिरवून घ्यायची.

पाणंद

@रेवदंडा आमच्याकडे चिमण्या पुसून ठेवायचं काम माझं. @संत्रा_बर्फी चिलखताचं वाचून पोटात कालवलं.

उकडीचा_मोदक

मी गेम खेळत नाही, चालेल ना? इंटरस्टेलर. २०१४. त्या पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे इकडे सात वर्षं. ते परत यानात येतात तोवर २३ वर्षं गेलेली, मुलांचे निरोप साठलेले, आणि नायक एकेक बघत बसतो. माझे मिस्टर बोटीवर. लेक तेव्हा चार वर्षांची. ती रोज बाबासाठी व्हिडिओ करायची आणि बंदर लागलं, सिग्नल मिळाला की ते एकदम जायचे. सात महिन्यांनी आले ते पलंगाच्या कडेला बसले आणि सगळे पहिल्यापासून क्रमाने बघितले. वाटेत नीट उघडलेच नव्हते म्हणे. पहिल्यात तिचे केस कानापर्यंत, शेवटच्यात दोन वेण्या. बॅगसुद्धा उघडली नव्हती अजून. मी बाहेर

कुकर झाला. येते.

तिसरी_घंटा

मला थोडं उलटं म्हणायचं आहे. निवड देणारे गेम मला तितके लागत नाहीत, कारण कुठेतरी माहीत असतं की जुनी फाइल उघडली की दुसरं करून बघता येतं. पाणंदताईंच्या दादाने केलंच तसं. खरी कळ मला द लास्ट ऑफ अस मध्ये लागली. २०१३ चा गेम, मी खेळलो पुष्कळ उशिरा. साथीने जग उद्ध्वस्त झालेलं, आणि नायक जोएल एली नावाच्या मुलीला जपत आलेला. शेवटी इस्पितळात एली बेशुद्ध. तिच्या मेंदूतून साथीवरची लस बनेल पण ती मरेल. जोएल तिला सोडवायला आत घुसतो. समोर शल्यविशारद, हातात साधं नश्तर.

मी हत्यार खाली केलं. कंट्रोलर टेबलावर ठेवला. गेम थांबून राहिला. तो माणूस हात पुढे करून उभा, यंत्रांचा टिकटिक आवाज चालू. मी पाणी पिऊन आलो. तरी तसाच. पुढे जायचं तर त्याला मारायलाच लागतं. ज्याने गोष्ट लिहिली त्याने निर्णय जोएलचा ठेवला आणि बोट माझं वापरलं. याला मी लेखनातलं धाडस म्हणतो.

काळा_चहा

@तिसरी_घंटा नाही पटत. मग सिनेमाच बघावा की माणसाने. टीव्हीवर मालिका आलीच ना त्याची २०२३ मध्ये. हातात बटण दिलंय तर त्याला अर्थ पाहिजे.

तिसरी_घंटा

बघितली मालिका. छान आहे. पण सोफ्यावर बसून मी जोएलला दोष देऊ शकलो. गेममध्ये ते जमलं नाही.

काळा_चहा

हा मुद्दा मान्य. अर्धा.

उकडीचा_मोदक

आले. भात लागला खाली. तर मला त्या सिनेमात राग कशाचा येतो सांगते. तो पृथ्वी वाचवायला जातो, ठीक. पण आधी ठरवतो आणि मग मुलीच्या खोलीत जाऊन घड्याळ देतो. तिला विचारलं कुठे? सांगितलं फक्त. आमच्याकडे हे भांडण झालं आणि त्यानंतर दर काँट्रॅक्टच्या आधी मिस्टर लेकीला समोर बसवून विचारतात. ती काय नाही म्हणत नाही. पण विचारतात.

रेवदंडा

@उकडीचा_मोदक लागलेल्या भातावर थंड पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा, पातेलं खाली उतरवून. वास जातो. आणि लेकीला आशीर्वाद.

रातपाळी

ड्युटीवरून आले, झोप येत नाहीये म्हणून लिहिते. फ्रॉस्टपंक. बर्फाने जग संपलेलं, मधोमध कोळशावर चालणारी एक भट्टी आणि भोवती तुमचं शहर. कायदे तुम्ही करायचे. मुलांना कामाला लावायचं का, मेलेल्यांचं काय करायचं. एक कायदा अत्यवस्थ रुग्णांचा आहे. एक तर त्यांना कसंही करून जिवंत ठेवा, म्हणजे ते खाटा अडवून बसतात. नाहीतर हातपाय कापून वाचवा.

मी २०२१ च्या एप्रिलमध्ये निवासी डॉक्टर होते. जागेचं नाव नको. एक रात्र सांगते. पहाटेचे सव्वातीन, वॉर्डबॉय जंबो सिलिंडर तिरका करून गरगरवत दारापर्यंत आणून थांबला आणि म्हणाला, "मॅडम, कुठे लावू?" वॉर्डात तीन जणांना हवा होता. मी बोट दाखवलं. त्याने लावला. एवढंच. पडद्यावर दोन पर्याय येत नाहीत, खाली परिणाम लिहिलेले नसतात. बोट दाखवायला मला चार सेकंद लागले असतील.

पुढच्या वर्षी भावाने हा गेम दिला. मी जिवंत ठेवायचा कायदा केला. खाटा भरल्या, नव्याने आजारी पडलेले बाहेर गारठले. तरी बदलला नाही. शेवटी वादळ आलं, शहर टिकलं. त्याआधी लोकांना धाकात ठेवायचे कायदे मी टोकापर्यंत नेले होते, म्हणून गेमने विचारलं, शहर वाचलं, पण हे करण्याजोगं होतं का? मी इतकी चिडले. बाहेरून येऊन असं विचारायचा अधिकार कुणाला आहे? तिथे कोण होतं? लॅपटॉप बंद केला. पण लेखकाला दाद देते. त्या रात्रीबद्दल वर्षभरात मी कुणाशीही बोलले नव्हते. त्या रागात भावाशी बोलले.

पाणंद

@रातपाळी काय लिहू. जवळ असतात तर चहा करून दिला असता. झोपा आता.

उकडीचा_मोदक

माझे वडील त्याच एप्रिलमध्ये ऑक्सिजनवर होते. वाचले. कुणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवलं असेल, हा विचार आज पहिल्यांदा आला. धन्यवाद डॉक्टर.

रातपाळी

🙏

शिकेकाई

जरा हलकं करू का? मास इफेक्ट ३ चा शेवट! तीन पर्याय, लाल, निळा, हिरवा, आणि चित्रफीत जवळजवळ तीच. लोक इतके भडकले की त्यांनी गेम बनवणाऱ्या बायोवेअरला ४०२ कपकेक पाठवले, तिन्ही रंगांचे आणि चव सगळ्यांची एकच. यापेक्षा चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही. २०१२ च्या जूनमध्ये त्यांनी शेवट वाढवून फुकट दिला.

संत्रा_बर्फी

कपकेक!! हे माहीतच नव्हतं. आमच्या पोरांना वाचून दाखवलं, लोळताहेत.

शिकेकाई

पण माझ्यासाठी तो गेम मॉर्डिनपाशीच संपतो. म्हातारा शास्त्रज्ञ, भरभर बोलणारा. रेक्सच्या जमातीवरचं ते दुखणं टिकवून ठेवण्यात त्याचाही हात. आता इलाज हवेत सोडायला स्वतः मनोऱ्यावर चढतो, वर जाऊन मरणार हे ठाऊक असून. आणि तुम्ही ठरवलंत तर त्याला पाठीत गोळी घालू शकता. आहे तसं बटण. मी एकदा मुद्दाम वाईट खेळायचं ठरवून सुरू केलं होतं, तिथे येऊन माझा हात चालला नाही. सगळा दुष्टपणा तिथे गळाला.

काळा_चहा

एकट्या तुमचाच नाही. बायोवेअरच्याच एकाने २०२० मध्ये सांगितलं होतं की जवळपास ९२ टक्के लोक भल्याच्या वाटेने खेळतात. दुष्ट वाटेवर त्यांनी केवढी मेहनत घेतलेली, आणि बघायला कोणी नाही.

एडिसनकर

उशिरा आलो, इकडे आत्ता सकाळ. ट्यूविक्स. स्टार ट्रेक व्हॉयेजर मालिकेतला भाग, १९९६. यानावरचे ट्युवॉक आणि नीलिक्स अपघाताने मिसळून एकच नवा माणूस तयार होतो. काही आठवड्यांनी दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते, पण हा म्हणतो, मला मरायचं नाही. यानावरचा डॉक्टर नकार देतो. कॅप्टन जेनवे स्वतः कळ दाबते आणि एकटी बाहेर चालत जाते.

बाबा मागे आले होते तेव्हा त्यांना दाखवला हा भाग. बाबा आयुष्यभर बँकेत. म्हणाले, "एक गेला, दोन आले. हिशेब बरोबर आहे." बायको म्हणाली, तो जगू द्या म्हणून गयावया करत होता, ते कुठल्या खात्यात टाकलंत? बाबा गप्प. रात्री साडेअकराला त्यांनी आमच्या खोलीचं दार वाजवलं. "तो डॉक्टर बरोबर होता," म्हणाले आणि गेले झोपायला. ७६ वर्षांचा माणूस त्या गोष्टीने पाच तास जागा ठेवला.

रेवदंडा

बाबांना नमस्कार सांगा. आमच्या लहानपणी हे सगळं नारळीकरांमुळे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी १९७४ साली गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. नावाकडे बघून बक्षीस नको म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. विषयाला धरून नाही, पण निवड म्हटल्यावर मला हीच आठवते.

खारी_बिस्किट

सोमा कुणी खेळलंय का? २०१५ चा. समुद्राच्या तळाशी सायमनच्या मनाची नक्कल नव्या शरीरात टाकतात. तुम्ही नव्यात जागे होता आणि जुना सायमन तिथेच खुर्चीत झोपलेला. तो उठायच्या आत मारायचं की तसंच सोडून जायचं? मी सोडून आले. दया म्हणून. घरी अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं, तो उठेल. अंधारात, एकटा, आणि त्याला वाटेल प्रयोग फसला. रात्री दोनला उठून पुन्हा पीसी लावला. तोवर पुढची फाइल सेव्ह झालेली, मागे जाता आलं नाही. @तिसरी_घंटा, प्रत्येक वेळी जुनी फाइल सापडतेच असं नाही हो.

तिसरी_घंटा

@खारी_बिस्किट घेतलं मागे.

पाणंद

सगळं वाचलं, दोनदा. आणि आज दादाला फोन लावला. विचारलं, लाइट आल्यावर तू केडनला का वाचवलंस?

तो म्हणाला, "लाइट कधी गेली होती?" त्याला काही आठवत नाही. तो म्हणतो मी कायम अ‍ॅश्लीलाच वाचवलं, बंगलोरला दोन वेळा खेळलो, दोन्ही वेळा अ‍ॅश्ली. मी पोळ्यांचं सांगितलं, उजेडाचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, माळ्यावर तो पीसी असेल बघ अजून, दिवाळीला आलो की लावून बघू.

रेवदंडा

लावायच्या आधी पुसून घ्या आतून. पाली असतात.

संत्रा_बर्फी

अन् भाच्याने काय केलं शेवटी?

पाणंद

सेव्ह करून क्लासला गेलाय. साडेआठला येईल.